नारिंगी डबीची दुरुस्ती

काटेसाहेबांनी लेकीची नारिंगी डबी दुरुस्तीला टाकली आणि ती खरोखरच दुरुस्त झाली, इथेच सगळी भानगड झाली. दुरुस्तीला टाकलेली वस्तू आपल्याकडे साधारणपणे 'उद्या या' या अवस्थेत राहते. फार तर पहिला बिघाड जाऊन दुसरा येतो. पण नशीब फिरलं की माणसाला प्रामाणिक कारागीर भेटतो.

काटेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. अठ्ठावीस वर्षं दुकानादुकानांतून तराजूचे काटे तपासत हिंडल्यामुळे इमारतीने त्यांना हे नाव बहाल केलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की एकदा खऱ्या नावाने आलेलं पत्र टपालवाला 'असे कोणी इथे राहत नाहीत' असं ऐकून परत घेऊन गेला होता. टपालवाल्याला हे सांगणारे खुद्द काटेसाहेबांचे शेजारी होते. चूक दिसली की ती बरोबर करायची, हा त्यांचा पेशा आणि तोच स्वभाव. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात घरांचे आराखडे काढायच्या कचेरीत नोकरीला होती आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती. तिचा चौघांचा बँड मात्र इथलाच. दर पंधरवड्याला ती यायची, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यातली गिटार, ॲम्प्लिफायर आणि ती नारिंगी डबी उचलायची, सरावाला जायची आणि सामान आणून पुन्हा कोपऱ्यात ठेवायची. घरात एक तारही छेडायची नाही. दोन वर्षांपूर्वी ती घरी वाजवत असताना काटेसाहेबांनी आतल्या खोलीतून, वर्तमानपत्र खाली न ठेवता, "आवाज फाटलाय, आधी तो नीट कर," असं सांगितलं होतं. त्यांच्या मते ती माहिती होती. लेकीने ती माहिती म्हणून घेतली नाही. भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं.

म्हणून मंगळवारी लेकीचा फोन आला तेव्हा काटेसाहेब उभे राहिले. फोनवर बोलताना उभं राहायची काही गरज नसते, पण राहिले.

"बाबा, शनिवारी कार्यक्रम आहे. मोठा हॉल आहे यावेळी. सामान एकदा लावून बघता का? नुसता दिवा लागतो का एवढंच बघा."

"बघतो की! अगदी बारकाईने बघतो."

"बारकाईने नको," लेक घाईघाईने म्हणाली. "नुसता दिवा."

पण बारकाईने न बघणं काटेसाहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी गिटारची वायर डबीत घातली, डबीची ॲम्प्लिफायरमध्ये, पायाने डबीवरचं बटण दाबलं, दिवा लागला. इथे थांबायचं होतं. ते थांबले नाहीत. त्यांनी गिटारच्या सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला.

लोखंडी कपाट जिन्यावरून घरंगळत यावं आणि वाटेत त्याने दोन पत्रे सोबत घ्यावेत, असा काहीसा आवाज झाला. वरच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाई, म्हणजे लहान मुलींना गाणं शिकवणाऱ्या बाई, शिकवणी टाकून खाली धावत आल्या. तळमजल्यावरचे चेअरमन एका पायात चप्पल घालून वर आले. दातांचे डॉक्टर समोरच राहत असल्यामुळे त्यांना यायला काही कष्ट पडले नाहीत.

"अर्थिंग," चेअरमन म्हणाले. इमारतीतल्या कुठल्याही संकटाचं, अगदी पाणी न येण्याचंही, त्यांच्या मते एकच कारण होतं.

"घसा बसलाय हिचा," गाणंवाल्या बाई गिटारकडे कळवळून बघत म्हणाल्या.

"मुळाशी कीड आहे," डॉक्टर म्हणाले. "वरवरची मलमपट्टी करू नका. उघडून बघा."

काटेसाहेबांनी शोधपद्धतीला अनुसरून एकेक वस्तू वगळून पाहिली. डबी काढली आणि गिटार थेट ॲम्प्लिफायरला जोडली, तर आवाज स्वच्छ. डबी लावली की फाटका. दोष डबीत होता, हे सिद्ध झालं. बिचारी पोरगी दोन वर्षं बिघडलेली डबी घेऊन हिंडत होती, आणि बाप नुसता 'नीट कर' म्हणून मोकळा झाला होता! आता बापच नीट करून देणार होता. तिला आधी सांगायचंच नाही. शनिवारी ती वाजवेल तेव्हा कळेलच.

"तिला विचारा तरी," त्यांची बायको आतून म्हणाली.

"अगं, विचारून केलं तर त्यात आश्चर्य काय राहिलं?"

आश्चर्याची व्यवस्था त्यांनी बुधवारी संध्याकाळी केली. रस्त्यापलीकडे रेडिओवाल्यांचं दुकान होतं. रेडिओ लोकांच्या घरातून गेले तरी रेडिओवाले राहिले होते. आता ते पंखे, बेल, इस्त्र्या काय येईल ते बघत. त्यांनी डबी उघडली, भिंगातून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून हळहळले.

"साहेब, हे दोन डायोड बघा. आवाज जरा वर चढला की हे त्याचं डोकं उडवतायत. कुणी बसवले हे?"

"काढा," काटेसाहेब म्हणाले. खोटी वजनं जप्त करताना ते याच सुरात बोलत.

मिरीएवढे दोन डायोड निघाले. डबी बंद झाली. घरी आणून काटेसाहेबांनी तार छेडली, आणि स्वच्छ, गोल, घासूनपुसून ठेवल्यासारखा सूर निघाला. गाणंवाल्या बाई वरच्या गॅलरीतून "वा!" म्हणाल्या. त्या रात्री काटेसाहेबांना अशी झोप लागली की ती त्यांना पुढचे तीन दिवस आठवत राहिली.

गुरुवारी सकाळी लेकीचा पुन्हा फोन आला. "बाबा, दिवा लागला ना? आणि त्या नारिंगी डबीला कुणी हात लावू देऊ नका हं. शेवटचं गाणं सगळं तिच्यावर उभं आहे. तो फाटका आवाज मला हवा तसा मिळायला वर्ष गेलंय."

काटेसाहेब उभेच होते. ते बसले.

"फाटका… हवा असतो?"

"म्हणजे काय! डिस्टॉर्शन पेडल आहे ते. फाडायचंच काम आहे त्याचं. का हो? नीट फाटतंय ना?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाने पाच ग्रॅमचंही खोटं खपवून घेतलं नव्हतं, तो माणूस म्हणाला, "हो, हो. छान फाटतंय."

फोन ठेवल्यावर बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काही बायका अशा वेळी 'मी सांगितलं होतं' म्हणतात. त्यांची बायको म्हणत नसे, आणि ते जास्त लागत असे.

काटेसाहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून रेडिओवाल्यांकडे धावले. दुकानाचं शटर कित्येक महिने अर्ध्यावर अडकलेलं होतं. ज्याने त्याने वाकून आत यायचं, अशी पद्धत पडली होती. आज घाईत काटेसाहेब वाकायला विसरले आणि कपाळ चोळत आत आले.

"ही डबी पुन्हा बिघडवून द्या," ते म्हणाले.

सगळं ऐकून रेडिओवाले गंभीर झाले. "असं होय! डिस्टॉर्शन होतं होय ते. मग ते डायोड बरोबरच होते."

"हे तुम्हाला काल नाही सांगता आलं?"

"काल तुम्ही दुरुस्ती मागितली होती साहेब. बिघाड मागितला असतात तर बिघाडाच्या बाजूने विचार केला असता." मग त्यांनी काटेसाहेबांना स्टूल दिलं आणि शटरकडे बोट केलं. "आता बघा. तार जोरात छेडली की आवाजाची लाट उंच होते. पण पुढच्या दाराची उंची ठरलेली. मग काय होणार? एक तर लाट खांदे पाडून, वाकून आत येईल. आवाज जरासा खरखरतो, पण माणूस ओळखू येतो. त्याला म्हणायचं ओव्हरड्राइव्ह. नाहीतर शटर तिला वाकायला वेळच देत नाही. टाळकं सपाट कापून घेतं आणि मग आत सोडतं. ते डिस्टॉर्शन."

काटेसाहेबांनी कपाळावरच्या टेंगळाला हात लावला. विषय त्यांच्या चांगला लक्षात राहिला.

"तुमच्या मुलीची डबी टाळकं कापणारी. मी ते कापणारेच काढून टाकले."

"मग बसवा परत. कुठे आहेत ते?"

रेडिओवाल्यांनी डोकं खाजवलं. "चेअरमनच्या बेलमध्ये. आज सकाळीच बसवले. चांगले डायोड होते हो."

"दुसरे नाहीत तुमच्याकडे?"

"असतील एखाद्या वेळेस. पण साहेब, मूळ ते मूळ. वर्षभर ज्या डायोडांवर आवाज जुळवलाय, त्यांची सर दुसऱ्याला नाही यायची."

मूळ प्रतीचं महत्त्व सरकारी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. काटेसाहेब तडक चेअरमनकडे गेले.

पण चेअरमनची बेल ही चेअरमनची नव्हतीच. इमारतीच्या समितीचं दफ्तर त्यांच्या बाहेरच्या खोलीत असल्यामुळे ती बेल समितीच्या मालकीची होती, आणि समितीच्या मालमत्तेतून काहीही काढायचं तर बैठकीत ठराव हवा. नियमावलीत तसं लिहिलं होतं. ती नियमावली सहा वर्षांपूर्वी काटेसाहेबांनीच लिहिली होती आणि हे कलम घालताना स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

संध्याकाळी बैठक भरली. समितीत सदस्य तीन: चेअरमन, गाणंवाल्या बाई आणि काटेसाहेब. कोरमला तिघेही लागत.

"अर्जदार तुम्हीच," चेअरमन म्हणाले. "कलम नऊप्रमाणे स्वतःच्या अर्जावर चर्चा चालू असताना सदस्याने खोलीबाहेर जायचं."

काटेसाहेब बाहेर गेले.

"आता कोरम गेला," चेअरमन म्हणाले.

काटेसाहेब आत आले.

"आता चर्चा करता येत नाही."

असं तीन वेळा झालं. कलम नऊही अर्थात काटेसाहेबांचंच होतं. शेवटी गाणंवाल्या बाई वैतागल्या. "अहो, एक पाय आत ठेवा आणि एक बाहेर! माझ्या मुली वर सूर लावून बसल्यात." त्याप्रमाणे काटेसाहेब उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिले, आणि त्या अवस्थेत चेअरमननी चर्चेला आवाजाचा मुद्दा घेतला. मंगळवारचा आवाज हा वाद्याचा मानायचा की यंत्राचा? वाद्याला संध्याकाळी आठपर्यंत परवानगी होती. यंत्राला नव्हती. दातांचे डॉक्टर निमंत्रण नसताना आले आणि म्हणाले, ड्रिल हे यंत्र आहे, पण त्यांना ते वाद्यासारखं वाटतं. रस्त्याने जाणारे दोघेतिघे काटेसाहेबांच्या त्या उभं राहण्याकडे बघून थांबले. वजनमापे निरीक्षकाची सगळी प्रतिष्ठा तो उंबरठा ओलांडता ओलांडता मध्येच अडकली होती.

ठराव मंजूर झाला. बेलमधून डायोड काढले, त्याबरोबर बेल मुकी झाली. शुक्रवारी दिवसभर चेअरमनकडे येणारी माणसं रस्त्यावरून हाका मारत होती, आणि दर हाकेला चेअरमन वर काटेसाहेबांच्या खिडकीकडे बघत होते.

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवाल्यांनी डायोड बसवले आणि खात्री करायला स्वतःच डबी घेऊन आले. आवाज ऐकायचा कुणी राहू नये म्हणून जणू शेजाऱ्यांनीही येऊनच ऐकायचं ठरवलं. काटेसाहेबांनी डोळे मिटून तार छेडली.

खरखरला! आवाज नक्की खरखरला. काटेसाहेबांनी डोळे उघडले. रेडिओवाले समाधानाने हसले.

"हा नव्हे," बायको दारातून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"हा तिचा नाही. तिचा कसा, नवं कापड टर्रकन फाडावं तसा येतो. हा आपला झिरलेल्या उशीच्या अभ्र्यासारखा आहे. मऊ मऊ."

"तुला काय माहीत तिचा कसा येतो?"

बायको आत गेली आणि फोन घेऊन आली. त्यात लेकीच्या बँडचे सगळे कार्यक्रम होते, दोन वर्षांतले. लेक तिला पाठवत होती आणि ती भाजी चिरताना ऐकत होती. "तुम्ही ऑफिसला गेल्यावर ऐकते," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास नको म्हणून."

मग तिने एक गाणं लावलं. शेवटी गिटारचा एक लांबच लांब सूर आला, फाटका, कडक, भिंतीसारखा सपाट. सगळे ऐकत राहिले. गाणंवाल्या बाई विद्यार्थिनीची परीक्षा घ्यावी तशा मान कलती करून म्हणाल्या, "बरोबर आहे वहिनींचं. आपला घोगरा आहे. हिचा ओरडून फाटलेला आहे. दोन वेगळी दुखणी आहेत."

रेडिओवाल्यांनी डबी पुन्हा उघडून बराच वेळ पाहिली आणि कबूल केलं की डायोड तेच आहेत, पण कुठल्या चार भोकांतून ते काढले होते याबद्दल त्यांच्या मनात आता थोडी शंका आहे.

त्या रात्री काटेसाहेबांनी कबुलीजबाब तयार केला. शनिवारी सकाळी लेक पाठीवर पिशवी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा तो त्यांच्या तोंडून खात्याच्या भाषेतच बाहेर पडला. "सदर पेडल बुधवारी सद्हेतूने दुरुस्तीस देण्यात आलं. त्यानंतर ते…"

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही पेडल उघडलं?"

"हो."

तिने पिशवी खाली ठेवली. डबी उचलली, मागचं झाकण काढलं. चेहरा असा झाला की काटेसाहेबांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. मग ते बसून सगळं सांगत गेले. डायोड, शटर, बेल, कलम नऊ, एक पाय आत नि एक बाहेर. उंबरठ्यापर्यंत आल्यावर लेकीच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तिने तो आवरला.

"या दोन डायोडांसाठी?" ती म्हणाली. "बाबा, हे मूठभर मिळतात. कुठलेही चालतात. तुमच्या त्या जुन्या फोनच्या चार्जरमध्येसुद्धा निघतील."

काटेसाहेबांनी मान खाली घातली. तीन दिवसांतले सगळे अपमान त्यांनी मूळ प्रतीसाठी सोसले होते.

"मला विचारायचं होतं ना आधी."

"दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं," काटेसाहेब म्हणाले. "तेव्हा नुसतं सांगितलं मी."

लेकीने डबीचं झाकण परत लावलं आणि वायरी जोडल्या. मग तिने गिटार उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "धरा. असं नाही, गिटारची मान डावीकडे. हळू छेडा."

त्यांनी हळू छेडली. सूर स्वच्छ आला.

"आता जोरात."

सूर चरचरला, पण कडेकडेनेच.

"रेडिओवाल्या काकांनी याचं ओव्हरड्राइव्ह करून ठेवलंय. डायोड चुकीच्या जागी गेलेत. चांगलं आहे हे, वाईट नाही. तुम्ही कसं वाजवता ते याला कळतं. पण मला शेवटच्या गाण्यात हे नको. साधा सूर लगेच मरतो बाबा. वर चढतो आणि विरतो. त्याचा माथा सपाट केला की तो टिकतो. मला तो सोडायचा नाहीये तिथे."

काटेसाहेबांनी विचार केला. "म्हणजे उंचीत तूट, पण टिकाऊपणात वाढ."

"अगदी तसंच," लेक म्हणाली, आणि आता मात्र हसली.

रेडिओवाल्यांचा डाग द्यायचा सोल्डरिंग रॉड आणून तिने तिथेच टेबलावर डायोड जागेवर बसवले. काटेसाहेबांनी भिंग धरलं. काही सुचवलं नाही. मग तिने घरात, दोन वर्षांनी, एक तार छेडली. कपाट, पत्रे, सगळं एकदम आलं. खालून चेअरमननी हाक मारली, "आठच्या आत आहे, चालू द्या!" म्हणजे यंत्र की वाद्य हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता निकालात काढला होता.

संध्याकाळी हॉलवर ॲम्प्लिफायर उचलून न्यायला एक माणूस कमी होता, म्हणून काटेसाहेब आत गेले, आणि बाहेर यायला कुणी सांगितलं नाही म्हणून विंगेतच उभे राहिले. तिथून लेकीची फक्त पाठ आणि डबीजवळचा पाय दिसत होता. बायको पहिल्या रांगेत बसली होती, फोन बंद करून.

शेवटचं गाणं आलं. लेकीने पाय दाबला. सूर फाटला आणि हॉलभर पसरला. काटेसाहेबांच्या बरगड्यांत तो जाणवला. तो चढला नाही, उतरला नाही, नुसता टिकून राहिला. विंगेतल्या आवाजाच्या टेबलापाशी हॉलचा इलेक्ट्रिशियन बसला होता. तो दचकला, "अरे, स्पीकर गेला वाटतं!" म्हणत बटणाकडे झेपावला. काटेसाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका. बरोबर आहे तो."

इलेक्ट्रिशियनने त्यांच्याकडे, त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे आणि कपाळावरच्या टेंगळाकडे पाहिलं. "काका, तुम्हाला यातलं कळतं?"

"सकाळपासून थोडंथोडं कळायला लागलंय," काटेसाहेब म्हणाले, आणि सूर संपेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.